रंगाऱ्याचं बाळ

"हात लावायचा नाही त्याला!" बाळाला छातीशी आवळत ती नवऱ्यावर खेकसली. दवाखान्याच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. त्यानं पुढे केलेले हात मुकाट्यानं मागे घेतले.

बाळाच्या रक्तात शिसं सापडल्यापासून हे असंच चाललं होतं. सात महिन्यांचं पोर, पण मान धरेना, कुशीवर वळेना. उचललं की ओल्या फडक्यासारखं हातात लोंबायचं. शिसं आलं कुठून, हे तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. नवरा रंगारी. जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांवरचा शिसं असलेला रंग खरवडायचा आणि केसांत ती धूळ घेऊन घरी यायचा. सासूनंसुद्धा लेकाची बाजू घेतली नाही. त्यानं धंदा सोडून गोदामात हमाली धरली. कामाचे कपडे जाळले, डोक्याचा चकोट केला, बाहेरच्या खोलीत एकटा झोपू लागला. तरी तिचा राग निवला नाही. लग्नाआधी ती स्वतः जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कारखान्यात होती. आतल्या शिशाच्या पट्ट्या भट्टीत टाकायची. पुढे लेकरं व्हायची आहेत म्हणून लग्न ठरल्या दिवशी तिनं ते काम सोडलं आणि वर्षानुवर्षं त्या रस्त्यालाही फिरकली नाही. एवढं जपून काय मिळालं? यानं घरात विष आणलंच.

बाळंतपणापासून ती खंगत चालली होती. दंड काडीसारखे झाले होते, पाठ सतत ठणकायची. "खाल्लेलं सगळं दुधात उतरतंय सूनबाईच्या," असं सासू कौतुकानं सांगायची. बाळ दुसरं काही तोंडातच घेत नव्हतं. छातीशी धरलं की तेवढ्यापुरती त्याच्यात धुगधुगी यायची.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं.

"घरातली धूळ, पाणी, भांडी, सगळं तपासलं. काही नाही. यांच्या रक्तातही नावापुरतंच आहे." त्या तिच्याकडे वळल्या. "तुमच्या रक्तात मात्र खूप आहे."

"माझ्या? अहो, मी ते काम कधीच सोडलंय!"

"शिसं हाडांत जाऊन बसतं, बाई. तिथं ते गप पडून राहतं. पोटात बाळ वाढायला लागलं की शरीर त्याला हाडांतलं कॅल्शियम काढून देतं. तुमची हाडं आधीच झिजलेली, अंगावर मांस नाही. कॅल्शियमबरोबर शिसंही सुटलं. बरंचसं पोटात असतानाच गेलं त्याला. आता दुधातून जातंय. आजपासून अंगावर पाजू नका."

"मग बरं होईल ना ते?" नवऱ्यानं विचारलं.

"आणखी बिघडू नये, एवढं बघू."

त्यानं एखादा शब्द सुनावला असता, तर तिला सोसलं असतं. तो नुसता खाली बघत उभा राहिला.

"तुम्ही घ्या याला," ती म्हणाली.

त्यानं बाळाला घेतलं. कसं धरावं ते त्याला उमगेना. बाळ भुकेनं किरकिरलं आणि त्याच्या छातीवर तोंड घासत दूध शोधायला लागलं. त्या आवाजासरशी तिला पान्हा फुटला. ब्लाऊज भिजत गेला, आणि ती भिंतीला पाठ टेकेपर्यंत आपल्या बाळापासून मागे मागे सरकत राहिली.