सेल ठीक आहे

सकाळी सहाला फोन वाजला तसे सर उठून बसले. ‘सेल ठीक आहे.’ हायड्रोजनवर वीज करणारा त्यांचा फ्युएल सेल अकरा वर्षं प्रयोगशाळेत अखंड चालत होता; हा मेसेज पाठवणारा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. निवृत्तीनंतर मुलीचा फोन रविवारी येई, मेसेज रोज. तो वाचल्यावरच ते चहा टाकत.

आज न राहवून त्यांनी जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. आता त्यांच्या खुर्चीवर तीच होती. “मुग्धा, सेल बघायला येऊ का गं?”

ती घुटमळली. “सर, तो जूनमध्येच काढला. जागा हवी होती. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही.”

“मग मेसेज कसा येतो?”

“कंप्युटर चालूच राहिला, सर. बिघाडाचा सिग्नल आला नाही की तो ठीकच म्हणतो.”

‘मीटर गप्प आहे म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका,’ हे तीस वर्षं वर्गात सरांनीच बजावलं होतं.

“आजच बंद करते, सर.”

“नको,” ते घाईने म्हणाले. “तो राहू दे. मला सहाला उठायचं असतं.”