आप्पांचं वस्त्र

आप्पांना केळीच्या खुंटांनी सजवलेल्या अंत्ययात्रेच्या विमानात मांडी घालून बसवलं, कपाळभर विभूती लावली, आणि नेमके तेव्हाच हिंमतराव सावकार हार घेऊन दारात आले. महेश्वरीला सासऱ्यासाठी भरून आलं होतं. सावकाराला बघून तिनं डोळे पुसले. तिची नजर आप्पांच्या छातीवर गेली. तिथं भगव्या वस्त्रात बांधलेलं त्यांचं इष्टलिंग होतं. त्या वस्त्राच्या दुहेरी घडीत तिच्या लेकीची, शिवप्रियाची नर्सिंगची फी होती, आणि आता हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुरूम गावात कर्ज कुणाला नसतं? पण तिचा नवरा सिद्धाराम त्यातही नशिबाचा फुटका. हिंमतरावांकडून पैसे उचलून त्यानं टेम्पो घेतला. वर्षाच्या आत टेम्पो पुलावरून खाली गेला आणि कर्ज तेवढं धडधाकट राहिलं. महेश्वरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून सोलापूरला पाठवायची. त्यातले पैसे हाती लागले, की सिद्धाराम ते सावकाराला नेऊन द्यायचा. माणूस वाईट नव्हता. दारात हिंमतरावांच्या मोटरसायकलचा हॉर्न वाजला, की तो हाती लागेल ते घेऊन बाहेर पळायचा.

म्हणून ती चोरून सोन्याचे मणी घ्यायला लागली. जमेल तसा एकेक, ज्वारीच्या दाण्याएवढा. पण ठेवणार कुठं? पिठाचा डबा, देव्हारा, उशीची खोळ, सगळं सिद्धारामनं कधी ना कधी उचकटलेलं. शेवटी आप्पाच एक दिवस म्हणाले, "माझ्यापाशी दे. हितं कुणी हात लावत न्हाय."

ते खरंच होतं. दुसऱ्याच्या इष्टलिंगाला हात लावायचा नसतो, हे त्यांच्या लिंगायत घरात रांगत्या पोरालाही कळायचं.

"पर आप्पा, देवापाशी सोनं ठिवायचं?"

"नातीच्या शिक्षणाचं हाय. शिवाला राग येत न्हाय."

आप्पांनी जन्मभर आडतीवर पोत्यांची तोंडं शिवली होती. त्यांना वस्त्राच्या घडीत मणी शिवणं काय अवघड! ती मणी आणून त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि निवांत व्हायची. पुन्हा कधी बघायला मागितला नाही. मागणार तरी कशी?

त्यातच चांगले दिवस आले. गेल्या दिवाळीपासून दारातला हॉर्न बंद झाला. हिंमतरावांना पाझर फुटला म्हणावा, तर तसा तो माणूस नव्हे. शिवानंच ऐकलं, असं म्हणून तिनं देवळात तेलाचा दिवा सुरू केला. आप्पाही महिन्यातून एकदा बाजारातल्या देवळात एकटेच जायचे, दमून यायचे आणि म्हणायचे, "देवाला सांगून आलो." घरात भांडणं थांबली. तिच्या भाकऱ्या वाढल्या, मणीही वाढले.

शिवप्रियाचा नंबर लागल्याचं कळलं, तेव्हा तिनं आप्पांच्या कानात सांगितलं, "आता घडी उसवायची, आप्पा." आप्पा नुसते हसले. त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. वय झालं, असं तिला वाटलं. आणि काल पहाटे ते झोपेतच गेले. फी भरायची मुदत उद्याची होती. शिवप्रियानं बॅग भरून ठेवली होती.

रुद्रभूमीत खड्ड्याशी ती पुढं जाऊन उभी राहिली. बायका मागं थांबल्या होत्या. हिंमतराव दोन हातांवर होते. मणी त्यांच्या नजरेला पडले असते, तर तिथल्या तिथं कर्जात वळते झाले असते. तिनं विधी करणाऱ्या स्वामींना हळूच म्हटलं, "स्वामी, आप्पांचं वस्त्र मला द्या. आठवण म्हणून ठिवते."

स्वामींनी मान हलवली. आप्पांना खड्ड्यात बसवून त्यांनी गाठ सोडली, लिंग आप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि वस्त्र तिच्या हातात दिलं. तिनं ते पदराखाली घेतलं. अंगठ्यानं एक कड चाचपली, मग दुसरी. घडी उसवलेली होती. बोटाला विभूती लागली, बाकी काही नाही.

गाठ सोडताना मणी खाली सांडले असणार, आप्पांच्या मांडीवर, मातीत. तिला दुसरं काही सुचेना. थांबा म्हणावं, तर शेजारी सावकार उभा. न म्हणावं, तर लेकीचं शिक्षण डोळ्यांदेखत गाडलं जाणार. मीठ पडलं, बेलाची पानं पडली. तिनं पदर तोंडाशी धरला. मग माती पडायला लागली. लोकांना वाटलं, सून सासऱ्यासाठी रडते. तेही खोटं नव्हतं.

खड्डा भरला. लोक पांगले. सिद्धाराम हातपाय धुवायला नळाकडे गेला. हिंमतराव चपला घालून तिच्यापाशी आले. त्यांचा आवाज मऊ होता.

"वहिनी, आप्पा लई जबानीचे माणूस होते. सुनंला घोर नको म्हणून दारात यायचं न्हाय, हॉर्न वाजवायचा न्हाय, असा शब्द घेतला होता माझ्याकडनं. आन् दर महिन्याला बाजारात येऊन सोन्याचा मणी हातावर ठिवायचे."

महेश्वरीची मूठ वस्त्रावर आवळली गेली.

"समदं व्याजातच गेलं ते. मुद्दल हाय तसंच हाय," हिंमतराव म्हणाले. "आता पुढच्या महिन्यापासनं मलाच दारात यावं लागंल."