पायानं खेळणारी

उटनूरच्या मुलीचा गुडघा कपाळावर बसून रंजीता कोसळली, तेव्हा भीमपूरच्या मुली फायनलमध्ये एका गुणानं मागे होत्या. खेळाच्या मॅडमनी तिला बाहेर बसवून विचारलं, “आपण कोणासंग खेळून राह्यलो?” “इचोड्यासंग.” इचोड्याला कालच हरवलं होतं. मॅडमनी तिचा दंड धरला. “हिले मी खेळू देत नाही. पुन्हा मार बसला तर जिवावर बेतंल.” तिचा बाप उसळला, “पोरगी कबड्डी पायानं खेळते, डोक्यानं नाही!” लोक हसले. तो मॅडमवर ओरडला, “तुमच्या लोकायले आमची पोर पुढं गेलेली पाहवत नाही.” जातीवरून बोलणं खाणं मॅडमना नवं नव्हतं. त्यानं हिसका देऊन पोरीला मैदानात ढकललं. पंचानं चढाईची शिट्टी मारली. कबड्डी, कबड्डी करत रंजीता आपल्याच मुलींत घुसली. “रंजे, मी हाय!” सपना किंचाळली. तिच्या खांद्यावर थाप मारून रंजीतानं पंचाकडे पाहत गुणासाठी बोट वर केलं.