गुरुवारचं पाणी

फीत खाली सोडता सोडता सरांचा हात थांबला. बोअरच्या तोंडाशी ठेवलेल्या डबीतून पीं असा आवाज आला. फितीचं टोक पाण्याला लागलं होतं.

"किती?" टेलरबाईंनी खिडकीतून विचारलं. त्यांचं शिलाई मशीन चालूच होतं.

"आजही हातभर वर," सर म्हणाले.

"बघा. म्हणजे बोअर जिवंत आहे अजून."

"आहे खरी."

भूजल खात्यात सरांना सगळे 'खोल सर' म्हणायचे. जन्मभर त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, पाणी किती खोल? जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, किती दिवस पुरेल, हे मोजण्यात सगळी नोकरी गेली. नोकरीबरोबर बाकीचंही बरंच गेलं. बायको कंटाळून निघून गेली तेव्हा सर दौऱ्यावर होते, आणि परत आल्यावर ती घरात नाही हे त्यांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. आता बोला! मुलगा लांबच्या शहरात. फोनवर "बरं आहे ना?" विचारायचा आणि उत्तर यायच्या आत "चला, ठेवतो" म्हणायचा.

निवृत्तीनंतर सरांनी हट्टाने एक बोअर स्वतःकडे ठेवून घेतली होती, तीही बिनपगारी. टेलरबाईंच्या मागच्या अंगणातली. पाणी उपसायला नव्हे, नुसती पातळी बघायला खात्याने खणलेली. दर गुरुवारी मोजायचं, आकडा कळवायचा आणि बाईंकडे चहा प्यायचा. आठवडाभरात सर माणसाशी बोलायचे ते एवढंच. कामाशिवाय कुणाच्या दारात जाणं त्यांना कधी जमलंच नाही.

मध्यंतरी पंचाईत झाली. बोअरचं पाणी तळाला गेलं आणि हलेना. हलत नाही ती बोअर मेलेली, ती सिमेंटने बुजवून टाकायची, असा खात्याचा नियम होता. नियम सरांनीच लिहिलेला, मग तक्रार कुणाकडे करणार? बुजवायचा दिवस ठरला, आणि काय नवल, पाणी वर आलं. तेव्हापासून कधी वीतभर, कधी हातभर, पण हलत राहिलं.

खात्यात कौतुक झालं. आकड्यांवर शंका कुणी घेतली नाही. घरबसल्या आकडे लिहिणाऱ्या एका मदतनिसाला सरांनी तडकाफडकी घरी पाठवलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सरांनी फीत पुसून गाडीत ठेवली. मागच्या सीटवरचा प्लास्टिकचा मोठा कॅन त्यासाठी बाजूला सरकवावा लागला. गाडी तापते, पाणी जवळ लागतं, असं ते सांगायचे. "गाडी आणि मालक एकाच वयाचे," असं बाई त्यावर म्हणायच्या.

चहा सरच कपात ओतायचे. बाईंच्या मनगटाने केव्हाच संप पुकारला होता. सुईत दोरा एका झटक्यात जायचा, पण भरलेली किटली उचलवत नसे.

आज तिसरा कप लागला. खात्यातली नवी अधिकारी दारात उभी होती. खात्याच्या प्रशिक्षण वर्गातली सरांचीच विद्यार्थिनी. तिचा चेहरा पडला होता.

"सर, गेल्या महिन्यात मी या बोअरमध्ये एक यंत्र सोडलं," ती बसता बसता म्हणाली. "तासातासाला पातळी टिपणारं. बारीक तारेवर आहे, तुम्हाला दिसलं नसेल."

"बरं," सर म्हणाले.

"पाणी फक्त गुरुवारी चढतं. एकदम. आणि लगेच उतरायला लागतं. तुम्हीच वर्गात शिकवलं होतंत ना, बोअरमध्ये बादली ओतायची आणि पाणी किती वेळात उतरतं ते बघायचं? हुबेहूब तसा आलेख आलाय." तिने आलेखाचा कागद पुढे सरकवला. "नमुन्यात क्लोरीन निघालं. नळाचं पाणी आहे, सर. कुणीतरी ओततंय."

सरांचा कप बशीवर वाजला.

"मग आता?" बाईंनी विचारलं.

"आता चौकशी. कुणी ओतलं ते कळलं नाही तर बोट सरांकडेच जाणार. उभ्या नोकरीत कमावलेलं नाव आहे हो त्यांचं."

सर तोंड उघडणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "मी ओतत होते."

"बाई, अहो..."

"तुम्ही गप्प बसा." बाई त्या तरुणीकडे वळल्या. "बोअर बुजली तर हे इथे कशाला येतील? नवरा गेल्यापासून या घरात आवाज म्हणजे मशीनचा. गुरुवारी तेवढं साखर कमी झाली म्हणायला कुणीतरी असतं. मला एकटीला घर खायला उठतं. लिहा माझं नाव."

सरांनी मान खाली घातली. त्यांचे कान लाल झाले होते.

अधिकारी खुर्चीवरून उठली. मग म्हणाली, "नाव नाही लिहीत. घरातलं पाणी आत गेलं, एवढंच लिहिते. पण सोमवारी बोअर बुजवावी लागेल."

दाराशी ती थांबली. "सर, माफ करा. क्षणभर मला वाटलं की..." पुढचं न बोलताच ती गेली.

थोड्या वेळाने सरही उठले. घरी जाऊन आता भिंतींशीच बोलायचं होतं. बाई फाटकापर्यंत आल्या.

"चलतो," सर म्हणाले. "आता काही काम उरलं नाही इथे."

बाईंनी गाडीच्या काचेतून मागच्या सीटकडे पाहिलं.

"गुरुवारी या," त्या म्हणाल्या. "आणि कॅन भरून आणा. बोअरमध्ये ओतायचात तेवढं पाणी माझ्या कुंड्यांना पुरेल."