गाठी मारलेला दोरा

घटस्फोटानंतर जुई आईबरोबर नागपूरला गेली आणि इकडे साताऱ्यात मिलिंद शिवणकाम शिकला. लेकीच्या दर वाढदिवसाला एक फ्रॉक, बापाच्या हातचा. माप मात्र शेजारच्या मुग्धाचं, कारण ती जुईच्याच वयाची. फोनवर जुईचा चेहरा दिसायचा, अंगकाठी कुठे कळायची?

यंदा जुईला राहवेना म्हणून तिने सांगूनच टाकलं. "बाबा, फ्रॉक भारी झालाय, पण पाठीची बटणंच लागत नाहीत. मागचे दोन्हीही होत नव्हते. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. आई म्हणते, मी तुझ्यावर गेलेय, रुंद खांद्यांची."

तीन वर्षं तो दुसऱ्याच्या पोरीच्या मापाने बेतून शिवत होता. "मग माप पाठव की गं," तो म्हणाला.

आठवड्याने पाकीट आलं. आत लांबलचक लाल दोरा, त्याला एकाच टोकापासून मोजून मारलेल्या गाठी आणि प्रत्येक गाठीला चिठ्ठी: खांदा, छाती, कंबर. शेवटच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ही माझी उंची. फ्रॉकला लागत नाही. तुला कळावी म्हणून.'

मिलिंदने दोऱ्याचं ते टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि दोरा ताणून वर धरला. गेली तेव्हा ती त्याच्या कमरेला लागायची. शेवटची गाठ थेट छातीपाशी आली.

त्या गाठीवरच्या रिकाम्या जागेत, जणू तिच्या डोक्यावरून, त्याने अलगद हात फिरवला.

"केवढी झालीस गं!"