भगवंतची नजर

महादेवरावांनी दुसऱ्यांदा विचारलं, तरी भगवंत खाली मान घालून उभाच.

केबिनमध्ये चौघंच होती. कारखान्याचे मालक महादेवराव, सुपरवायझर मनोज, लेथ यंत्रावरचा कारागीर भगवंत आणि दीपमाला. प्रश्न साधा होता. दिवसभर तू दीपमालाकडे का पाहतोस?

नांदगाव पेठच्या या कारखान्यात छोट्या जेट इंजिनांच्या आत फिरणारी चाकं बनतात. तळहातावर मावणारी, पण निकेलच्या मिश्रधातूची, आगीलाही दाद न देणारी. धातू मोठा हट्टी. कापणारी टिप जरा बोथट झाली, की ती कापायचं सोडून घासत राहते, धातू आणखी कडक होतो आणि चाक भंगारात जातं. टिप गेल्याचं डोळ्यांना दिसत नाही, आधी आवाज बदलतो. तो नेमका क्षण पकडण्यात भगवंतचा हात धरणारा कुणी नव्हता. गेल्या दोन वर्षांत त्याचं एकही चाक परत आलं नव्हतं.

समोरच्या टेबलावर दीपमाला कानशीने चाकांच्या कडा साफ करायची. आणि पंचावन्न वर्षांचा हा बाप्या लेथ सोडून तिच्याकडे टक लावून पाहायचा. आधी थट्टा झाली, मग कुजबुज. ती कुजबुज दीपमालाच्या नवऱ्यापर्यंत, ललितपर्यंत गेली आणि काल तो गेटवर येऊन भांडून गेला. दीपमालाला विचारलं तर तीही गप्प. मग काय, लोकांची खात्रीच पटली. अशा वेळी बोट बाईकडेच वळतं, याचंच वाईट वाटतं.

"भगवंता, तू सांगत नसशीन तं उद्यापासून दीपमाला कामावर नाही," महादेवराव म्हणाले.

भगवंतने मान वर केली नाही. मनोज गालातल्या गालात हसला.

तेव्हा दीपमालाने सगळ्यांदेखत भगवंतच्या दंडाला हात लावला. मनोजचं हसू थांबलं. भगवंतने दचकून वर पाहिलं. ती त्याच्या अगदी समोर आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "काका, तुमी माह्याकडे काहून पाहता, हे साहेब इचारून राहिले. मले कामावरून काढून राहिले. आता सांगून टाका."

भगवंतचे डोळे भरून आले. त्याने महादेवरावांकडे वळून हात जोडले.

"दोन वर्षं झाले, मले आयकू येत नाही, साहेब. माह्या टिपचा आवाज बदलला का, हे पोरगी कानस खाली ठेवते. मी तेवढंच पाहतो."