वाढवा

"काकू, मग झटके बंद करायचे ना?" डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

शकूबाई नवऱ्याचं पांघरूण सारखं करत राहिल्या. शेजारी खाटेवर धोंडिरामअण्णा डोळे मिटून पडले होते. त्यांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र होतं. हृदय भरकटलं की झटका देऊन ते ठिकाणावर आणायचं. चार वर्षं त्यानंच तारलं. पण आता हृदयच थकलं होतं. या आठवड्यात अकरा झटके बसले. दर झटक्याला अण्णा खाटेवरून उडायचे आणि शकूबाई भिंत धरायच्या. "झटके थांबवले तर पुढचं जे व्हायचं ते निवांत होईल," बाईंनी समजावलं होतं. अण्णांनी कागदावर सही केली होती. आता होकार तेवढा घरधनिणीचा हवा होता.

पण चाळीस वर्षं बांगड्यांच्या दुकानात बसलेली बाई ती. गिऱ्हाइकाच्या हातात भरताना बांगडी पिचली, तरी तिनं कधी 'फुटली' म्हटलं नाही, 'वाढली' म्हटलं.

"वाढवा," त्या पुटपुटल्या.

"अहो, झटका वाढवायचा?" डॉक्टरीणबाई दचकल्याच.

अण्णांनी डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी त्यांना हसू आलं. "तसं नव्हे, बाई. दिवसभराचा धंदा आटोपला की आम्ही दुकान 'बंद' करत नाही, 'वाढवतो'."

मग बायकोचा हात चाचपत म्हणाले, "लाव फळ्या."